जाळी कुणासाठी?

भारतातून आलेल्या पाहुण्यांना कॅनबेराच्या उत्तर टोकाला, मुलिगन्स फ्लॅट अभयारण्यात नेलं की उंच जाळी बघून हमखास ऐकायला मिळतं, "हे तर प्राणिसंग्रहालयच झालं की!"

अहो, जाळीची वरची कड नीट बघा. मुद्दाम सैल ठेवून बाहेर वळवलीय. मांजर चढायला लागलं की ती झुकते आणि मांजर खाली येतं. अडवायचंय ते बाहेरच्यांना. 2009 साली 11.5 किलोमीटरचं हे कुंपण उभं राहिलं आणि आतले कोल्हे, मांजरं, ससे काढून टाकले. कोल्हे इथले नव्हेतच, एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेपायी आणलेले.

मग टास्मानियातून बेटाँग आणले. हा सशाएवढा, कांगारूच्या नात्यातला जीव ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून शंभरेक वर्षांपूर्वीच संपला होता. जमिनीखालची बुरशी खाण्यासाठी तो रात्रभर उकरत असतो. सकाळी पायवाटेच्या कडेला ताजे खड्डे दिसतात, मला तर कांगारूंपेक्षा तेच बघायला आवडतात. त्या उकरण्यानं माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं, बी रुजतं. जंगलाची मशागतच म्हणा ना.

पण कुंपण म्हणजे सगळं झालं असंही नाही. 2016 मध्ये क्वोल सोडले. अंगावर पांढरे ठिपके असलेला हा छोटा शिकारी चढण्यात पटाईत. कड बाहेर वळलेली, त्यामुळे आतून जायला मोकळीक! बरेच जण, विशेषतः नर, जाळी ओलांडून गेले आणि मेले. पुढच्या खेपेला पिशवीत पिल्लं असलेल्या माद्याच सोडल्या, त्या बऱ्यापैकी टिकल्या.

म्हणून मांजरांच्या नियमावरची आपल्या मंडळींची कुरकुर मला पटत नाही. 1 जुलै 2022 पासून जन्मलेलं मांजर इथे घराच्या आवारातच ठेवावं लागतं. अभयारण्याला लागून असलेल्या फोर्ड या उपनगरात तर तो नियम आधीपासूनच आहे. "बिचाऱ्या मनीला कोंडायचं?" असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: मनी मोकळी फिरावी म्हणून बेटाँगनं जन्मभर जाळीत राहायचं का? घर मनीचं उबदार आहे, दोन वेळचं आयतं मिळतं. बेटाँगला जाळीबाहेर एक रात्रही धड मिळायची नाही.

यायचं असेल तर संध्याकाळची गाईडसोबतची फेरी घ्या, बेटाँग अंधार पडल्यावरच निघतात. कुत्र्याला मात्र आत प्रवेश नाही, आणि त्यावरून गेटवर हुज्जत घालू नका.