प्रतिक्रियेला उत्तर: एसीत बसलेला मी

भाऊ, माझ्या गिधाडांवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे. तुम्ही लिहिता, “एसीत बसून गिधाडांवर लिहिणारे आता आम्हाला शिकवणार ढोरं कुठं टाकायची! मेलेलं जनावर पुरून टाका, कुत्री आपोआप कमी होतील. गिधाडं तशीही संपली.” शिवाय लेखाचं शीर्षक भडक आहे म्हणता. असेल. तेवढं मान्य.

पण एसी? मी लिहितो त्या खोलीत कूलर आहे, अन् लाइन गेली की तोही बंद. माझा बाप दिग्रसकडच्या एका खेड्यात गायकी, म्हणजे गुराखी, होता. सकाळी आखरावरून ढोरं चरायला न्यायची, आणि एखादं मेलं तर नाल्यापलीकडं ओढत न्यायचं, दोन्ही वेळी मी मागं असायचो. पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाड शेण उकरत किडे टिपताना मी दहा पावलांवरून पाहिलंय. मोठी गिधाडं उतरली की बैलाचा सांगाडा दुपारपर्यंत उघडा पडायचा. कातडं सोडवणाऱ्याची घाई व्हायची. तुम्ही तेव्हा कुठं होता, हे मी विचारलं का? मग माझं तुम्ही कशाला काढलं?

‘संपली’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. ती काही उपासानं मेली नाहीत. ढोराला टोचलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, काळजावर खडूसारखी पांढरी पुटं चढली. जनावरांसाठी ते २००६ साली बंद झालं. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या, म्हणून २०१५ साली ते इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका डोसावर आणावं लागलं. गिधाडांना तसंच मारणाऱ्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या औषधांवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ उजाडलं. मेलॉक्सिकॅम या औषधानं बैलाचं दुखणंही थांबतं आणि गिधाडही वाचतं. हे सगळं लेखात होतं. तुम्ही शीर्षकावरच थांबलात वाटतं.

मरणाआधी दोनचार दिवसांत असली सुई घेतलेलं जनावर खुशाल पुरा. बाकीचं कशाला? २०२४ साली ताडोब्यात हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्राहून पांढऱ्या पाठीची गिधाडं आणून सोडली, ती बाहेर खातील काय? कुत्र्यांवर सवडीनं लिहीन, तो विषय इथं ओढू नका.

आणि एक काम करा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये जाऊन लंगडणाऱ्या बैलासाठी सुई मागा. कोणती देतात ते इथंच खाली टाका.