किक शोधणारे काका

नवी मोटारसायकल घेताना बँक कागद मागते आणि बायको कारण मागते. दोघींनाही काहीबाही देऊन गप्प बसवता येतं. पण मी मरून रंगाची नवी जावा घेतली आणि अख्ख्या कोल्हापूरला खुलासे देता देता जीव मेटाकुटीला आला.

म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ साली बंद पडला आणि जावा परत आली ती थेट नोव्हेंबर २०१८ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत जुन्या जावा-येझदीवाल्यांनी आठवणींना एवढं पॉलिश मारून ठेवलंय, की खरी जुनी गाडी समोर आणली तरी ते तिच्यात खोट काढतील. माझ्या नवीची काय कथा!

उद्यमनगरात गाडी स्टँडला लावून चहा सांगितला, की कप हातात येईपर्यंत इंजिनापाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं. लेथवर आयुष्य घालवलेली माणसं ती, त्यांना काय सांगणार? एका मिस्त्रींनी ग्रीसचं बोट सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे वाऱ्यानं इंजिन गार ठेवायच्या पट्ट्यांवरून फिरवलं, मग पुढच्या रेडिएटरकडे बघितलं.

"पाण्यानं गार हुतंय न्हवं? मग ह्या पट्ट्या कशाला?"

"जुन्यासारखं दिसावं म्हणून."

"म्हंजे शर्टाला खोटा खिसा!"

ह्यावर काय बोलणार? खरं तर रेडिएटर चेसिसच्या दोन पायपांमध्ये असा बेमालूम बसवलाय, की लांबून कळतसुद्धा नाही. पण कौतुकाचं ते कुणी बोलत नाही. २९३ सीसी, २७ बीएचपी, सहा गिअर, सगळं मी तोंडपाठ केलं होतं. एकानेही विचारलं नाही. मिस्त्रींना पडलेला प्रश्न वेगळाच होता: सिलिंडर एक, मग सायलेन्सर दोन कसे? त्यातला एक डमी तर नाही? त्यांनी गाडी चालू करायला लावली, दोन्ही सायलेन्सरमागे एकेक तळवा धरला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "व्हय, दोन्हीकडनं येतंय." एवढ्यात चहा गार.

बुलेटवाल्यांना आवाजात दम वाटत नाही. कॉलेजची पोरं "टॉप किती?" विचारतात आणि उत्तर न ऐकताच जातात. ॲव्हरेज मात्र सगळेच विचारतात, सायकलवालेसुद्धा.

पण खरी परीक्षा रंकाळ्यावर झाली. पांढरी टोपी, पायात करकरणारी कोल्हापुरी, वय सत्तरीच्या पुढे. दोन फेऱ्या मारून गाडी न्याहाळली, क्रोमच्या टाकीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "उतर."

उतरलो.

काका बसले. डावा पाय गिअरच्या लिव्हरवर गेला आणि चपलेने त्यांनी तो आत दाबायला सुरुवात केली. जुन्या जावाचा गिअर हाच किकही असायचा. आत दाबायचा, वर फिरवायचा आणि हाणायची किक. हे ज्याला ठाऊक नाही तो उजवीकडे किक शोधत बसायचा. काकांच्या पायाला ते सगळं अजून पाठ होतं. माझ्या लिव्हरला नव्हतं.

"काका, तुटेल! तो नुसता गिअर आहे."

"आणि किक?"

"बटण आहे."

"स्कूटीला असतंय तसं?"

मी मान खाली घातली. काकांनी आणखी एकदा दाबून बघितलं, न जाणो, मला माहीत नसेल म्हणून. मग नाइलाजाने उतरले आणि मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकले. जुनी जावा टू स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळून चालायची आणि मागे धूर सोडत जायची.

"पेट्रोलात ऑइल किती टाकतोस?"

"टाकावं लागत नाही. फोर स्ट्रोक आहे."

"मग धूर?"

"नाही येत."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अरं, मग मागच्या गाडीवाल्याला कळायचं कसं, म्होरं जावा गेलीया म्हणून?"