किनाऱ्यावरचा बंगला भाड्याने देणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

दापोलीच्या किनाऱ्याला, कर्दे-मुरुड-आंजर्ल्याच्या पट्ट्यात कुठेतरी तुम्ही दहा गुंठे घेतले, त्यावर जांभ्याचा बंगला उठवला, गेटवर समुद्राशी नातं सांगणारी पाटी लावली आणि शनिवार-रविवार तो भाड्याने द्यायला लागलात. अभिनंदन. बंगला दापोलीत, तुम्ही ठाण्यात, हप्ता बँकेत. आता फक्त देखभाल तेवढी राहिली, तर तिचं एवढं मनावर घेऊ नका.

मुळात देखभाल करायची ती फोटोंची. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, नवा रंग आणि हिरवं अंगण एकदम साधून काढलेले ते बारा फोटो हीच तुमची खरी मिळकत. भिंतीला ओल धरते, फोटोला धरत नाही. खाऱ्या वाऱ्याने ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या गंजल्या, तर त्यावर सोनेरी ऑईलपेंटचा एक हात मारा, पितळेच्या वाटतात. गच्चीच्या कठड्याला तडा गेला आणि आतली सळई गंजून फुगून बाहेर डोकावू लागली, तर वरून सिमेंट लिंपा आणि शेवंतीच्या कुंड्या मांडा. कुंड्या जड घ्याव्यात, म्हणजे कोणी हलवून बघत नाही.

गावातले जुने लोक मे महिन्यात आगोटीच्या मागे लागतात. कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, घरावर आलेल्या फांद्या तोडायच्या, पावसाच्या अंगाला झावळ्यांच्या झडी बांधायच्या. त्यांना वेळ असतो. आपल्याला मे महिन्यात बुकिंगं असतात. शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे एखादी खोली गळणारच. तिला 'पावसाळी अनुभव' म्हणून वेगळा दर लावता येतो. गच्चीवरची पत्र्याची शेड? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावरचे पत्रे कुठल्या कुठे गेले, माड-पोफळी आडव्या झाल्या, लोक कित्येक दिवस अंधारात बसले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. म्हणजे हिशेबाने आपल्या वाट्याची वादळं होऊन गेली. तेव्हा पत्र्याचे हूक आवळायला माणूस चढवू नका, पत्रा टिकतो.

विजेच्या बाबतीत एका छोट्या डबीपासून सावध राहा. मीटरच्या बोर्डात ईएलसीबी नावाचं एक कुचकं यंत्र असतं. तीस मिलिअँपिअर एवढासा करंट इकडेतिकडे गळला, की ते घरभरची वीज पाडतं. पावसाळ्यात बाहेरच्या दिव्यात पाणी शिरलं, पाडलं. बाथरूममधल्या गिझरची कॉइल भाजली, पाडलं. पाहुणे एसीत झोपलेले असताना हे कोणाला परवडेल? यावर तालुक्याच्या वायरमनकडे पाच मिनिटांचा रामबाण इलाज आहे: तो ते यंत्र वगळून लाईन 'डायरेक्ट' करून देतो. मग वीज म्हणून जात नाही. गळणारा करंट मात्र मार्ग शोधतो, आणि ओल्या पायाने नळाला हात लावणारा पाहुणा त्याला तो करून देतो. पण तेव्हाही दिवे चालूच राहतात, ही केवढी सोय!

पण विजेचा गिझर बिल वाढवतो, म्हणून खरा जाणकार मालक गॅसचा गिझर बसवतो. तोही बाथरूमच्या आतच. बाहेरच्या भिंतीवर लावला तर दर्शनी भाग बिघडतो. वरच्या काचपट्ट्यांच्या झडपेतून पाली येतात, अशी तक्रार एका पाहुणीने केली होती, तेव्हा तिथे प्लायवूड ठोकून घ्या. दार घट्ट बसणारं हवं. आता असं बघा, सहा जणांचं कुटुंब आहे, समुद्रावरून वाळूने माखून आलंय, दुपारी जेवून निघायचंय. एकामागून एक अंघोळी. त्या चार बाय सहाच्या खोलीत ज्योत भडाभडा जळते, हवेतला ऑक्सिजन संपवत जाते, आणि ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. सिलिंडरचा गॅस गळला तर निदान वास येतो, कारण कंपन्या तो मुद्दाम मिसळतात. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. पाहुण्यांना त्रास द्यायचा नाही, हे तत्त्व इतकं कसोशीने दुसरं कोणी पाळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं; लोक म्हणतात, घाटाची गाडी लागली. चौथ्या-पाचव्या नंबरचा माणूस बराच वेळ बाहेर येत नाही, तेव्हा दाराबाहेरचे म्हणतात, आरामात कर रे, सुट्टीच आहे.

तरणतलावाला कुंपण घालू नये, समुद्राचा देखावा अडतो. आठवडाभर शेवाळलेलं पाणी शुक्रवारी संध्याकाळी मूठभर ब्लीचिंग पावडर टाकून निळं दाखवावं. 'पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे, मालक जबाबदार नाहीत' अशी पाटी लावली की झालं. तीन वर्षांचं मूल पाण्यात शिरण्यापूर्वी ती वाचेलच.

विंचवा-सापांचा विषय पाहुण्यांसमोर काढूच नका. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, जगाने ते मानलं. म्हणून जवळच्या कुठल्या दवाखान्यात ते मिळतं, सर्पदंशावरचं इंजेक्शन कुठे आहे, रात्री डॉक्टर असतो का, ही माहिती भिंतीवर लावायची? छे. भिंतीवर वायफायचा पासवर्ड लावा. 108 नंबर लोकांना पाठ असतोच, आणि रेंज आली तर लागतोही.

संडासाची टाकी आठ माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते आणि तुमच्या जाहिरातीत '22 जणांची आरामशीर सोय' असते. गाद्या टाकल्या की माणसं मावतात, टाकीला कोण विचारतो? तुंबली की गड्याला सांगायचं, झाकण काढून जरा आत उतरून बघ. 2013 च्या कायद्याने हे असं माणूस उतरवणं गुन्हा आहे आणि आत साचलेला वायू दोन श्वासांत माणूस लोळवतो, हे खरं. पण मैला उपसणारा टँकर तालुक्याहून मागवायचा तर पैसे पडतात, आणि गडी महिन्याच्या पगारावर आहेच.

विमा जरूर काढा. अर्जात मात्र 'स्वतःच्या राहण्यासाठी' असंच लिहा, हप्ता कमी बसतो. भाड्याने देतो हे लपवलं म्हणून कंपनीने पुढे दावा फेटाळला, तर निदान तेव्हा अर्ज पूर्ण वाचून तरी होईल.

शेवटी त्या गड्याबद्दल. त्याला पाहुणे काका म्हणतात, तुम्ही केअरटेकर म्हणता. कुठली कडी झिजली, कुठला स्विच झटका देतो, कुठल्या पायरीवर शेवाळ धरतं, हे त्या घरात एकट्यालाच ठाऊक असतं. म्हणून त्याच्या हाती पैसा देऊ नये. अडीचशे रुपयांची कडी बदलायची असली तरी आधी फोटो मागवा. तो बिचारा झोपाळ्याखाली आडवा होऊन फोटो काढेल, गच्चीवर चढून रेंज पकडेल, पाठवेल, खाली लिहील, 'साहेब लवकर बघा, शनिवारी पार्टी आहे.' फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटू द्या. मग एक अंगठा पाठवा आणि शनिवारच्या पार्टीकडून बाकीची रक्कम आली का ते बघा.