काका, नळीचं तुमचं बरोबर, रेग्युलेटरचं नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून दोन दिवस उत्तरच दिलं नाही. आज देतो.

नंतर आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या 2005 मॉडेल ऑक्टाव्हिया 1.8 टर्बोवर मी हाताने फिरवायचा बूस्ट व्हॉल्व्ह (टर्बो किती जादा दाबाने हवा ढकलेल ते ठरवणारा नळ) बसवला आणि त्यावर लेख लिहिला. नाशिकच्या सातपूरला पस्तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या काकांनी खाली लिहिलं: "आठशे रुपयांच्या नळाने टर्बो गाडी ट्यून होत नसते. बूस्ट वाढवला की गाडी लीन होणार, पिस्टनला भोक पडणार. आधी चार बारचा रेग्युलेटर टाकायचा, मग बूस्टला हात लावायचा. त्या नळ्या कधी सुटतील सांगता येत नाही. मुंबईला उतरलं की फरक पडतो हे वाचून तर हसूच आलं. पोरं असलं वाचून गाड्या घालवतात. आणि कायद्याचं एक अक्षर नाही."

कायद्याचं आधी उरकतो, कारण तिथे वाद नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे लेखात हवं होतं. आता सुरुवातीलाच टाकलंय.

लीनवर, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडण्यावर, मात्र मी तुमच्याशी भांडणार. या गाडीत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा मीटर आहे. बूस्ट वाढला की जास्तीची हवा त्या मीटरमधूनच आत जाते, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ती मोजतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर जास्त वेळ उघडतो. मग लीन कधी होते? इंजेक्टर पूर्ण उघडून संपला तर, पंप थकला असेल तर, नाहीतर मीटर म्हातारा होऊन हवा कमी दाखवायला लागला तर. वीस वर्षांच्या गाडीत मी आधी हा मीटर बघतो, आणि तो बूस्ट न वाढवताही गाडी लीन करतो. पाइप फुटला तर उलटंच होतं. मोजलेली हवा मधेच बाहेर पळते आणि पेट्रोल मात्र तिच्याही नावाचं पडतं. गाडी रिच होते, काळा धूर मारते, आणि स्कॅनरवर 17705, म्हणजे टर्बो ते थ्रॉटलमध्ये दाब पडल्याचा कोड, येतो. तोच कोड बघून मला इंटरकूलरच्या खालचा चिरलेला होस सापडला होता. पहिला महिना त्यातच गेला, व्हॉल्व्ह डब्यातच होता.

आता तुमचा चार बारचा रेग्युलेटर, म्हणजे इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग. इंजेक्टरचा फ्लो दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. तीनचे चार बार केले की पेट्रोल वाढतं साधारण 15 टक्के, आणि ते सगळीकडे वाढतं, आयडलला, सिग्नलला, कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, ईसीएम ट्रिम (पेट्रोल कमी-जास्त करायची दुरुस्ती) खाली ओढतो आणि तुमचं जास्तीचं पेट्रोल स्वतःच कापून टाकतो. स्कॅनरवर ट्रिमचा ग्रुप 032 उघडून बघा, आकडे उणे झालेले दिसतील. जिथे खरंच पेट्रोल हवं असतं, म्हणजे फुल लोडला, तिथे त्याच जुन्या पंपाला जास्त दाबाविरुद्ध ढकलायला लागतं आणि त्याचा फ्लो कमी होतो. रीमॅप करताना, म्हणजे ईसीएममधले तक्ते बदलताना, इंजेक्टरचा हिशेब बदलून हा रेग्युलेटर टाकला तर त्याला अर्थ आहे. नुसता टाकला तर 'आपण काहीतरी केलं' एवढंच समाधान. मायको सर्कलच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या नोझल बनवणारी माणसं राहतात काका, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा.

पण तुमच्या म्हणण्यातला गाभा खरा आहे, फक्त कारण वेगळं आहे. पिस्टन मरेल तो लीनने नाही, टायमिंगने, म्हणजे स्पार्कच्या वेळेने. 'हवा वाढली की पेट्रोल आपोआप वाढतं, काळजी नको' हे माझं लेखातलं वाक्य अर्धवट होतं. पेट्रोल वाढतं, पण स्पार्क कधी द्यायचा याचा तक्ता कंपनीने ठरवलेल्या लोडपर्यंतच विचार करून बनवलेला असतो. तुम्ही नळ फिरवून त्याच्या पलीकडे गेलात की नॉक सेन्सर हाच एकटा रखवालदार: पेट्रोल अवेळी फुटून ठोका (नॉक) बसला की तो ओळखतो आणि ईसीएम स्पार्क उशिरा देतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. माझ्या लॉगमध्ये, घोटीच्या बाजूचा चढ, तिसरा गिअर, जानेवारीची सकाळ: टायमिंग चारही सिलिंडरमध्ये जवळजवळ शून्य मागे. तोच चढ, तोच बूस्ट, एप्रिलची दुपार: दुसरा सिलिंडर 9 अंश मागे. कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं, एसी चालू, गाणी चालू. गणित सोपं आहे. 40 अंशांची हवा 1.7 पट दाबली की टर्बोतून निघताना 110 अंशांच्या पुढे जाते, आणि ती गार करायला या गाडीत बंपरच्या आत, पुढच्या चाकाजवळ वहीएवढा इंटरकूलर आहे. माझा उतरवला तेव्हा फिन्समध्ये कांद्याची टरफलं निघाली. पिंपळगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे चालवायची ही बिदागी.

नळीबद्दलही तुमचंच खरं ठरलं, आणि हे मी लेखात लिहायचं टाळलं होतं. लाज वाटत होती. व्हॉल्व्ह मी शहरातल्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतला, नाव घेत नाही. त्यांनी वेस्टगेट, म्हणजे बूस्ट जास्त झाला की टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणारं दार, उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी नळी म्हणून फिश टँकची पारदर्शक नळी लावली, क्लिप नाही, नुसती दाबून. गरम झाली आणि मऊ पडली. विल्होळीच्या पुढे ओव्हरटेकला पाय दाबला, गेजचा काटा नेहमीच्या जागी थांबायच्या ऐवजी पुढे गेला, आणि त्याच क्षणी गाडीने श्वास सोडल्यासारखी ताकद टाकली. ईसीएमने थ्रॉटल बंद केला होता. कोड 17963, बूस्ट मर्यादेच्या वर. बॉनेट उघडलं तर नळीचं टोक मॅनिफोल्डजवळ लोंबत होतं, कडा वितळून पिवळी झालेली. अ‍ॅक्च्युएटरला दाबच पोचत नव्हता, म्हणजे वेस्टगेट उघडणार कसा? कारखान्याचा एन-75 सोलेनॉइड (बूस्ट सांभाळणारा मूळ विजेचा व्हॉल्व्ह) निदान ईसीएमचं ऐकतो. हा नळ कुणाचंच ऐकत नाही.

मुंबईच्या हसण्याबद्दल. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर दाबाचा ग्रुप 115: नाशिकला 950 मिलिबारच्या आसपास दिसतं, मुंबईत 1010. अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते. म्हणून इथे 0.7 बारवर लावलेला नळ कसारा उतरल्यावरही 0.7 च देतो, पण मॅनिफोल्डमधला एकूण दाब 1650 मिलिबारचा 1710 होतो. साडेतीन टक्के. मी लेखात 'खूप फरक' लिहिलं होतं, तो शब्द जास्तच झाला. पण ते साडेतीन टक्के त्याच टायमिंगवर पडतात, आणि एप्रिलचे 9 अंश आठवा.

एक गोष्ट आपण दोघांनीही धरली नाही. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन, बूस्टला हात न लावताच. ऑक्टेन वाढलं हे चांगलं, नॉकला मदत होते. पण इंजेक्टरमध्ये आधी जी शिल्लक होती त्यातली बरीचशी इथेच खर्च झाली, आणि 2005 च्या इंधन नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत. माझी एक नळी मागच्या महिन्यात ओलसर दिसली, बदलली.

नळ काढून ठेवलाय, एन-75 परत लावलाय. लेख मागे घेणार नाही, वर दुरुस्त्या टाकल्यात आणि नळीचा फोटोही. प्लग मात्र अजून त्याच दिवसांतले आहेत, मी मुद्दाम काढले नाहीत. रविवारी सकाळी गाडी तुमच्याकडे आणू का? तुम्हीच काढा, आणि दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके, म्हणजे पिस्टन वितळायला लागल्याची खूण, दिसतात का ते मला सांगा.