दृश्ये की डुलकी?
ध्यानात दिसणारी दृश्ये ही साधनेतील प्रगतीची खूण आहे, हे ध्यानावरील एका लेखात वाचलेले विधान मला घाईचे वाटते. नौपाड्यातील घरी पहाटे पाचला बसतो, तेव्हा विसाव्या मिनिटाच्या सुमारास आजोळचे अंगण, अनोळखी चेहरे असे काहीबाही दिसू लागते आणि नेमकी त्याच वेळी मान झुकून हनुवटी छातीला टेकलेली असते. जागेपण आणि झोप यांच्या सीमेवर मेंदूतील अल्फा लहरी (डोळे मिटून शांत पण जागे असतानाच्या) ओसरून ४ ते ८ हर्ट्‌झच्या अधिक संथ थीटा लहरी वाढतात; अशी चित्रे तेव्हा ध्यान न करणाऱ्यालाही दिसू शकतात. योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींनी तर निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींतच, म्हणजे योगात शांत करायच्या मनाच्या हालचालींतच, केली आहे. झोप पुरी झालेल्या दिवशी (माझ्या बाबतीत रविवारीच) पाठ ताठ ठेवून बसल्यास ते अंगण क्वचितच दिसते.