वणव्यावर बीव्हरचा उतारा

शिमगा आटोपला की आमच्या वाडीच्या ग्रुपवर वणव्याचे व्हिडिओ येऊ लागतात. यंदा त्यांच्या जोडीला एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत बीव्हर नावाचा प्राणी जंगलातली आग विझवतो. आपल्याकडे हेच काम पाणमांजर करायचं, ते आपण संपवलं. सरकारने कोकणात बीव्हरच्या शंभर जोड्या सोडाव्यात. उन्हाने आणि विजेने लागणाऱ्या वणव्यांवर दुसरा उपाय नाही.’ मामेभावाने तो मला तीनदा पाठवला, म्हणून हे उत्तर.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मोठं सुरेख आहे. बीव्हर आग विझवत नाही. तो झाडं कुरतडून पाडतो, फांद्या, चिखल आणि दगड रचून ओढ्याला बांध घालतो. जमिनीवर त्याची चाल बोजड, पाण्यात मात्र तो निर्धास्त. म्हणून झाडांपर्यंत पोहतच जाता यावं यासाठी तळ्यापासून चर खणत जातो. त्या चरांतून पाणी दोन्ही अंगांना पसरतं, मुरतं, आणि काठची झाडंझुडपं ऐन उन्हाळ्यातही ओली राहतात. एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल या संशोधकांनी पश्चिम अमेरिकेतल्या पाच मोठ्या वणव्यांची उपग्रहचित्रं तपासली. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बीव्हरचे बांध नव्हते तिथे ओढ्याकाठची हिरवाई आगीत सरासरी तिप्पट घटली होती. पण वाचला तो ओढ्याकाठचा पट्टा. सगळा डोंगर वाचला, असं त्यात कुठेही नाही.

पाणमांजराला यात उगाच ओढलंय. ते मासे-खेकडे खातं, बांध घालत नाही, आणि संपलेलंही नाही. सिंधुदुर्गातल्या नद्या-खाड्यांत अजून दिसतं. मेसेजमधला फोटो त्याचाच आहे. बीव्हरचं शेपूट वल्ह्यासारखं चपटं असतं.

आता शंभर जोड्या. १९४६ साली अर्जेंटिनाने फरच्या धंद्यासाठी कॅनडातून वीस बीव्हर आणून दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगो बेटावर सोडले. तिथे त्यांना खाणारं कुणी नाही. ते वाढून लाखाच्या घरात गेले. उत्तर अमेरिकेतली विलोची झाडं तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतात. या बेटावरच्या झाडांना ती सवय नाही. रानंच्या रानं पाण्यात उभी वठली. आपल्याकडे तर त्याला बिऱ्हाड करायलाही जागा नाही. त्याला संथ उताराचं, बारमाही पाणी लागतं. आमचा पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, जुलैत धोंडे गडगडवत नेतो आणि मार्चमध्ये त्याच्या तळाची वाळू तापते. तरीही जगलाच, तर पहिली कुरतडेल ती काजूची कलमं.

राहिलं ऊन आणि वीज. पश्चिम अमेरिकेत पाऊस न पडता नुसत्या विजा पडतात आणि त्यांनी रानं पेटतात, हे खरं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठली आलीय वीज? गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं म्हणून कुणी पेटवतं, कुणी शिकारीसाठी, कुणी भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला रचलेला पालापाचोळा) पेटवून जेवायला घरी जातं. चार वर्षांपूर्वी आमची चाळीस काजूची झाडं गेली. खालच्या अंगाला कुणीतरी पातेरा, म्हणजे वाळका पाला, पेटवला होता. दुपारी खारं वारं सुटलं आणि आग चढणीने वर धावली. वहाळ, म्हणजे ओढा, बागेच्या दोन फर्लांग खाली आहे. त्यात बीव्हरने तळं केलं असतं, तरी काजू जळलेच असते.

आणि म्हणे दुसरा उपाय नाही! बीव्हर करतो त्यातलं थोडंफार आपण करतोच: पाऊस सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वहाळाला वनराई बंधारा घालतो. जांभा पाणी धरत नाही, त्यामुळे तो किती टिकेल ते जागेवर असतं; पण काठ काही आठवडे जास्त ओला राहतो आणि डोकीवरून घागर नेण्याइतकं पाणी जवळ असतं. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, आगीला मात्र जाळरेषाच हवी. बागेभोवती दहा-बारा हात रुंद पट्टा बेणून, पातेरा ओढून, जमीन उघडी करायची. आमच्याकडे गवत डिसेंबरात वाळतं. मामेभावाने अजून ग्रासकटर बाहेर काढलेला नाही.