दोन वर्षांत कंपनी बुडवण्याची लिव्हरपुली कृती

कॉम्प्युटर गेम विकणारी कंपनी काढताय? मग गेम लिहीत बसू नका. आधी लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरचा कित्ता गिरवा. बग-बाइट नावाच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन यांनी १९८२ साली ती काढली. सुरुवातीलाच त्यांच्या हातून एक घोडचूक झाली. 'आर्केडिया' हा गेम त्यांनी चक्क पूर्ण केला आणि स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांनी तो धडाधड विकत घेतला. तुम्ही हे टाळा.

पैसा आलाच तर मिरवा. दारात महागड्या गाड्या हव्यात, मोटारसायकल शर्यतीत आपल्या नावाचा संघ हवा. युजीन इव्हान्स नावाच्या विशीही न गाठलेल्या प्रोग्रामर पोराला वर्षाला ३५ हजार पौंड मिळतात, असं पेपरात येऊ द्या. आकडा खरा का, हे विचारायला कोण येतंय!

नाताळ आला की प्रतिस्पर्ध्यांची कोंडी करा. तेव्हा गेम टेपच्या कॅसेटवर विकले जायचे; त्या कॅसेटा भरून देणाऱ्या कारखान्याचं काम आपल्याच ऑर्डरींनी अडवून ठेवा. १९८३ च्या नाताळात इमॅजिनने हाच डाव टाकला. प्रतिस्पर्ध्यांचं काय व्हायचं ते झालं. न खपलेल्या मालाने गोदाम मात्र इमॅजिनचंच तुंबलं. त्यात पोरं घरी दोन टेपरेकॉर्डर जोडून फुकटात कॅसेटा भरून घेत होती.

आता मुख्य पदार्थ: मेगागेम. 'बँडरस्नॅच' आणि 'सायक्लॅप्स' ही नावं आधी ठेवा, बारसं झालं की पाळण्यात कोण आहे ते नंतर बघू. एरवीचा गेम साडेपाच पौंडांचा. याला ४० च्या आसपास लावा. कारण विचारलं तर सांगा, सोबत मेमरी वाढवणारं यंत्र येणार आहे, त्यामुळे नकलाही होणार नाहीत. जाहिरातीत प्रोग्रामरचे गंभीर चेहरे छापा. गेमचं चित्र छापायला गेम लागतो, चेहऱ्यांना तेवढी अट नाही.

शेवटी बीबीसीला घरी बोलवा. तुमची भरभराट टिपायला आलेल्या कॅमेऱ्यासमोरच जप्तीवाले दारात उभे राहतील, एवढं वेळापत्रक जमायला हवं. इमॅजिनला ते जमलं. ९ जुलै १९८४ ला कंपनी गुंडाळली गेली, डिसेंबरात सगळ्या ब्रिटनने ते टीव्हीवर पाहिलं.

मेगागेम शेवटपर्यंत आले नाहीत. 'इमॅजिन' हे नाव मात्र मँचेस्टरच्या ओशन या गेम कंपनीने विकत घेतलं आणि त्याच नावाखाली पुढे कॅसेटा विकल्या. त्यात गेम होते.